वाडीतली शाळा आणि वीस काजूबिया: शिक्षण-पर्यावरणाचे निर्णय अभ्यासायला सुरुवात कशी करावी

कोकणातलं गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. दहा-बारा वाड्या, मधे कातळाचा सडा, मधे एखादा पऱ्या म्हणजे ओढा, एक वाडी खाडीच्या अंगाला तर दुसरी डोंगराच्या कुशीत. म्हणून इथे शाळा कुठे असावी असं विचारलं की उत्तर निम्मं शिक्षणाचं येतं आणि निम्मं वाटेचं, पावसाचं, पऱ्यावरच्या साकवाचं, म्हणजे छोट्या पुलाचं. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं ठरवलं. दुसरीकडे मुंबईला गेलेली कुटुंबं परत येत नाहीत आणि पट घसरत जातो. २०२३ साली राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांत दुसरा विषय नव्हता.

शिक्षक म्हणून अशा बैठकांना मी बसलो आहे. एक जण म्हणतो, शाळा गेली की वाडी गेली. दुसरा म्हणतो, वर्गात तीन पोरं, पोर बोलायचं कोणाशी? तिसरा विचारतो, गाडी लावली तर डिझेलचं कोण बघणार? तिघेही खरं बोलतात, पण तिघे तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. असे गुंते अभ्यासायला बहुनिकष निर्णय विश्लेषण नावाची पद्धत आहे: प्रत्येक पर्यायाला अनेक निकषांवर गुण द्यायचे, निकषांना वजनं लावायची आणि बेरजा ताडून पाहायच्या. बीएड-एमएडचे, समाजकार्याचे, पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी हल्ली प्रकल्पासाठी ती हौसेने घेतात. त्यांचे प्रकल्प वाचताना मला दिसतं ते असं, की आकडेमोड बहुतेक बरोबर असते. चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते: प्रश्न मांडताना, निकष गोळा करताना आणि सर्वांत जास्त, वजनं विचारताना. म्हणून या लेखात मी तिथेच जास्त थांबणार आहे. वजनाबद्दलचं एवढं पहिल्यापासून ध्यानात असू द्या: वजन निकषाला नसतं, फरकाला असतं. याचा अर्थ काय, ते पुढे उदाहरणातून उलगडेल.

प्रश्न छोटा करा

‘कोकणातील शाश्वत विकास व शिक्षण यांचा अभ्यास’ हे प्रकल्पाचं शीर्षक होऊ शकतं, निर्णयाचा प्रश्न होऊ शकत नाही. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, ही शाश्वत विकासाची १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या आहे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टं ठरवली, त्यांतलं चौथं शिक्षणाचं. हे सगळं प्रस्तावनेत लिहा. पण वाडीत जाताना हातात असा प्रश्न हवा: ‘या वाडीतली पहिली ते पाचवीची शाळा पुढची पाच वर्षं कशी चालवावी?’ कुठली शाळा, किती काळ आणि कशाबद्दल निवड, हे तिन्ही त्यात आहे.

मग निर्णय कोण घेतं ते शोधा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समिती शिफारस करते, मंजुरी वरून येते. तुमचा अभ्यास समितीसाठी आहे की वरच्यांसाठी, ते पहिल्याच पानावर लिहून टाका, कारण त्यावर पुढचं सगळं बदलतं.

पर्याय दोनच ठेवू नका. ‘ठेवा की बंद करा’ असं विचारलं की लोक बाजू घेतात, विचार करत नाहीत. तिसरा पर्याय शोधायला एक आठवडा द्यावा लागला तरी द्या. आपण उदाहरणासाठी तीन पर्याय घेऊ.

क: शाळा वाडीतच, दोन शिक्षक, पाच वर्ग.
ख: गाडी लावून सगळी मुलं केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या वाड्यांच्या मधल्या मोठ्या शाळेत.
ग: शाळा वाडीतच, पण आठवड्यातले दोन दिवस शेजारच्या तीन वाड्यांची मुलं आणि त्यांचे शिक्षक एका जागी.

निकष गोळा करायला कधी जावं

हे पुस्तकात सापडत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. मार्च ते मे आंबा-काजूचा हंगाम. बागायतदार घरी भेटणार नाही आणि त्याच्याकडे कामाला जाणारी आईही भेटणार नाही. जूनपासून भाताची पेरणी आणि मग लावणी. मासेमारीची यांत्रिक नौकांची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. खाडीकाठच्या वाड्यांत पुरुषमंडळी तेव्हा जाळी शिवत घरी असतात, निवांत बोलतात. पण तुम्ही फक्त तेव्हाच गेलात तर मासळी विकायला जाणाऱ्या बायकांचं वर्षभराचं गणित तुम्हाला कळणार नाही. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आलेले असतात. त्यांच्याशी बोला, जरूर बोला, पण त्यांची उत्तरं वेगळ्या वहीत लिहा. त्यांची मुलं या शाळेत नाहीत. त्यांना शाळेबद्दल वाटणारी माया खरी आहे, पण रोज साकव ओलांडणं त्यांच्या वाट्याला येत नाही.

आणखी एक गोष्ट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगरच्या बाजूला आदळलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत छपरं आणि माडा-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. अशा घटनेनंतर तीन महिन्यांत विचारलं तर ‘पक्कं छप्पर’ सगळ्यांत वर येतं. ते चूक नाही. पण मुलाखतीची तारीख अहवालात नसेल, तर वाचणाऱ्याला ते वजन कुठून आलं हे समजणार नाही.

बोलताना ‘तुमचे निकष कोणते?’ असं विचारू नका. ‘या शाळेचं बरं काय, वाईट काय? शेजारच्या वाडीतली आई तुमच्यापेक्षा कशात सुखी आहे?’ असं विचारा आणि शब्द जसेच्या तसे लिहा. मी वाट किती लांब आहे ते मोजत होतो, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “गुरुजी, वाट लांब नाय ओ. पऱ्या ओलांडायचा हाय, त्याचा घोर.” त्या वाक्याने माझा तक्ता बदलला. अंतर आणि धोका या दोन गोष्टी मी एकाच रकान्यात कोंबल्या होत्या.

इथे अट आणि निकष वेगळे करायचे असतात. निकषात देवाणघेवाण चालते: थोडी वाट वाढली, पण शिक्षक जास्त वेळ मिळाला, तर चालेल. अटीत देवाणघेवाण नाही. जुलैत पऱ्याचं पाणी साकवावरून जात असेल, तर त्या वाटेने सहा वर्षांचं मूल पाठवण्याची भरपाई चांगल्या प्रयोगशाळेने होत नाही. असा पर्याय आधी दुरुस्त करा किंवा यादीतून काढा, मगच तक्त्याकडे वळा. कायद्यातलं अंतरही असंच आहे. एक किलोमीटरच्या पलीकडे न्यायचं, तर प्रवासाची सोय ही पर्यायाचाच भाग झाली पाहिजे, ‘जमल्यास’ असं लिहून भागणार नाही.

मग यादी आखडती घ्या. पहिल्या फेरीत पंधरा-वीस मुद्दे निघतात, त्यांतले बरेच एकमेकांचीच वेगळी नावं असतात. ‘मूल थकतं’, ‘घरी यायला उशीर होतो’, ‘सकाळी न जेवता जातं’ हे तिन्ही वाटेच्या वेळातून येतात. तिन्ही वेगळे धरले तर वाट तीनदा मोजली जाते आणि क पर्याय आपोआप जिंकतो. पुष्कळ अहवालांत असा निकाल प्रश्नावलीतच ठरून गेलेला असतो आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. चार ते सहा निकषांवर थांबा.

‘वाडी टिकणं’ या मुद्द्याचं काय करायचं, हा अवघड प्रश्न आहे. शाळा गेली म्हणून कुटुंब गेलं की कुटुंबं गेली म्हणून शाळा गेली, हे एका हंगामाच्या अभ्यासात सुटत नाही. मी तो मुद्दा आकड्यात ओढत नाही. तक्त्याखाली स्वतंत्र परिच्छेदात लिहितो: गेल्या दहा वर्षांत किती घरांना कुलूप लागलं आणि लोक त्याचं कारण काय सांगतात. तक्ता वाचणाऱ्याने तो परिच्छेदही वाचलाच पाहिजे, म्हणून तो त्याच पानावर ठेवतो.

मोजता येईल ते खरोखर मोजा

आता चार निकष: पावसाळ्यातली वाट, वर्गातली सोबत, शिक्षकाचा वेळ आणि गाडीचं डिझेल. खाली दिलेले आकडे पद्धत समजावण्यासाठी मी घेतले आहेत. तुमच्या वाडीचे तुम्ही मोजायचे.

| निकष | क | ख | ग |
|---|---|---|---|
| वाट, एका बाजूने मिनिटं | १० | ४५ | २० |
| एका वर्गातली मुलं | ३ | १५ | ६ |
| एका वर्गाला मिळणारे शिक्षकाचे तास, रोज | १.६ | ४ | २.४ |
| डिझेल, लिटर वर्षाला | ० | ४०० | १३३ |

हे आकडे कसे आले ते पाहा. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरलेले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षक, पाच वर्ग, म्हणून दोन गुणिले चार भागिले पाच, १.६ तास. केंद्रशाळेत वर्गाला स्वतंत्र शिक्षक असेल तर पूर्ण ४. ग पर्यायात सहा दिवसांच्या आठवड्यात चार दिवस १.६ आणि दोन दिवस ४, सरासरी २.४. वाटही तशीच: चार दिवस १० मिनिटं, दोन दिवस ४०, सरासरी २०. वर्गातली मुलं चार दिवस ३ आणि दोन दिवस १२, सरासरी ६. डिझेलसाठी गाडीचा फेरा दिवसाला २४ किलोमीटर धरला, २०० दिवस, लिटरला १२ किलोमीटर: ४०० लिटर. ग साठी गाडी सहापैकी दोनच दिवस, म्हणून त्याच्या एक तृतीयांश. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ख पर्यायाचा वर्षाचा भार एक टनाच्या थोडा वर.

वाट मोजायची तर मुलाबरोबर चाला, तेही जुलैत. ऑक्टोबरमध्ये कोरड्या पाखाडीवरून मोठ्या माणसाच्या पावलाने काढलेली मिनिटं या तक्त्यात चालणार नाहीत.

सरळ रेष फसवते

मिनिटं, मुलं, तास आणि लिटर यांची बेरीज होत नाही, म्हणून प्रत्येक निकष ० ते १०० वर आणतात. सगळ्यांत वाईट पर्यायाला ०, सगळ्यांत चांगल्याला १००. टोकं सोपी असतात. मधल्याचं काय? नवखे सरळ रेषेने काढतात. वाटेत ग ला ४५ वजा २०, भागिले ३५, म्हणजे ७१ गुण. सोबतीत ६ वजा ३, भागिले १२, म्हणजे २५. शिक्षकाच्या वेळात ३३, डिझेलमध्ये ६७.

पण लोकांना विचारा. दहा मिनिटांची वाट वीस झाली तर आया म्हणतात, ‘चालेल हो’. पस्तीसची पंचेचाळीस झाली तर मात्र तोंडं बदलतात. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांचं नुकसान शेवटच्या दहाइतकं नाही. सोबतीत याच्या उलट: तिनावरून सहा मुलं झाली की खेळायला दोन बाजू होतात, गटात वाचन होतं, एखाद्याशी भांडण झालं तरी बोलायला दुसरा उरतो. बारावरून पंधरा झाल्याने तेवढं काही घडत नाही. हे ऐकून वाटेत ग ला ७१ ऐवजी ८५ आणि सोबतीत २५ ऐवजी ५० देणं रास्त ठरू शकतं. तुम्ही मनाने देऊ नका. ‘तीनवरून सहा आणि सहावरून पंधरा, या दोन वाढींत तुम्हाला कोणती मोठी वाटते?’ असं विचारा. ‘दोन्ही सारख्याच’ असं उत्तर आलं की सहाचे गुण ५०.

वजन: इथे सगळं बिघडतं

‘तुमच्या दृष्टीने शिक्षण, सुरक्षितता आणि पर्यावरण यांत सगळ्यांत महत्त्वाचं काय?’ हा प्रश्न मी शेकडो प्रश्नावल्यांत पाहिला आहे. मीही माझ्या पहिल्या अभ्यासात तो विचारला होता. त्यातून काही कळत नाही. शिक्षण महत्त्वाचं आहेच. पण तिन्ही पर्यायांत शिक्षण सारखंच मिळत असेल, तर या निर्णयात त्याचं वजन शून्य आहे. आणि एरवी कोणी नावही न घेणारी गोष्ट, समजा पिण्याचं पाणी, एका पर्यायात आहे आणि दुसऱ्यात नाही, तर तीच निर्णय ठरवते.

म्हणून असं विचारा. ओटीवर बसा, तक्ता मोठ्या कागदावर काढा, वीस काजूबिया हातात द्या. म्हणा: ‘समजा सगळंच वाईट असलेली एक शाळा आहे. वाट पंचेचाळीस मिनिटं, वर्गात तीनच मुलं, शिक्षक दिवसाला दीड-पावणेदोन तास, आणि गाडी वर्षाला चारशे लिटर डिझेल पिते. यांतली एकच गोष्ट चांगल्या टोकाला नेता आली, तर आधी कोणती न्याल? मग दुसरी? आता या वीस बिया त्या सुधारणांवर वाटा. जी जास्त मोलाची तिच्यावर जास्त.’ मग गप्प बसा. बिया दोन-तीनदा इकडून तिकडे होतील. ते होऊ द्या, आणि ती हलवाहलव होताना लोक काय बोलतात ते लिहून घ्या. माझ्या अनुभवात अभ्यासातली सगळ्यांत उपयोगी नोंद हीच असते.

समजा बिया अशा पडल्या: वाट ७, शिक्षकाचा वेळ ७, सोबत ४, डिझेल २. म्हणजे ३५, ३५, २० आणि १० टक्के.

डिझेलवर दोनच बिया पाहून ‘ग्रामस्थांमध्ये पर्यावरणाविषयी जागृती कमी आढळली’ असं वाक्य लिहिण्याचा मोह होईल. ते लिहू नका, ते अन्यायाचं आहे. लोकांनी ‘पर्यावरण’ तोललं नाही, चारशे लिटर आणि शून्य लिटर यांतला फरक इतर तीन फरकांशी तोलला. त्याच आयांना दुसरा प्रश्न घाला: शाळेला मिळालेल्या पैशातून छपराच्या पाण्याची टाकी बांधावी, सौर पॅनेल लावावं की परसबाग करावी? किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर पाणी पडतं, वीस टक्के वाया गेलं धरलं तरी दोन लाख चाळीस हजार उरतं. आणि जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं, म्हणून एप्रिलमध्ये विहीर तळाला लागते. त्या तक्त्यात पाण्याच्या फरकावर त्याच आया दहा-बारा बिया ठेवतील. बायका त्याच, निसर्गाबद्दलची समज तीच, फक्त समोरचा फरक वेगळा.

बेरीज, आणि बेरजेवर भरवसा किती

गुण गुणिले वजन, आणि सगळ्यांची बेरीज. स्प्रेडशीटमध्ये एका सूत्राचं काम. क ला वाटेचे ३५ आणि डिझेलचे १०, एकूण ४५. ख ला शिक्षकाच्या वेळाचे ३५ आणि सोबतीचे २०, एकूण ५५. ग ला सरळ रेषेच्या गुणांनी ४८, आणि लोकांना विचारून काढलेल्या गुणांनी ५८.

वजनं तीच, मोजमापं तीच. तरी सरळ रेषेने ग मागे पडतो आणि लोकांच्या रेषेने पुढे येतो. मधला पर्याय सरळ रेषेवर बहुधा हरतो, कारण थोडंसं मिळण्याचं मोल ती रेष ओळखत नाही. पुष्कळ अभ्यासांत असा समजूतदार मधला मार्ग याच कारणाने बाद झालेला मी पाहिला आहे.

पण ५८ आणि ५५ पाहून निकाल जाहीर करू नका. आकडे हलवून पाहा. शिक्षकाच्या वेळाचं वजन ३५ वरून ३८ केलं आणि बाकीची त्याच प्रमाणात कमी केली, तर ख पुढे जातो. ३५ चे ३८ म्हणजे पाऊण बीसुद्धा नाही. सोबतीत ग ला ५० ऐवजी ३५ दिले तर ख आणि ग दोघेही ५५ वर. उलट क पहिला यायला वाटेचं वजन ३५ वरून ६५ च्या पुढे न्यावं लागतं. म्हणजे अभ्यासाचं खरं उत्तर असं: ‘आज आहे तशी शाळा’ हा पर्याय या निकषांवर बराच मागे आहे, ख आणि ग यांत मात्र आत्ता निवाडा होत नाही, आणि तो शिक्षकाच्या वेळावर अडला आहे. मग पुढचं काम दिसतं. ग मध्ये दोनऐवजी तीन दिवस एकत्र आले तर? केंद्रशाळेत वर्गाला खरंच स्वतंत्र शिक्षक आहे का, की एक पद रिकामं आहे? ते जाऊन बघा. रिकामं असेल तर ख चा ४ हा आकडाच खोटा आहे.

आता बिया कोणाच्या, हा प्रश्न. आयांच्या गटाने समजा वाटेवर १०, शिक्षकाच्या वेळावर ५, सोबतीवर ३, डिझेलवर २ ठेवल्या. मग क ६०, ख ४०, ग ६५. शिक्षकांच्या गटाने वेळावर ९, वाटेवर ५, सोबतीवर ४, डिझेलवर २ ठेवल्या. मग क ३५, ख ६५, ग ५३. दोन्ही गटांची सरासरी काढली तर ग ५९ गुणांनी पहिला येतो आणि कागदावर सगळे एकमताचे दिसतात. सरासरी छापू नका. दोन ओळी वेगळ्या छापा आणि लिहा की ग आयांचा पहिला आणि शिक्षकांचा दुसरा आहे. मग बोलणं नेमकं होतं: शिक्षकांना वाट माहीत नाही का? की आयांना पाच वर्ग एकत्र शिकवण्याची दमछाक दिसत नाही? एकदा आम्ही शिक्षकांना मुलांबरोबर चालवलं आणि दोन आयांना दिवसभर वर्गात बसवलं. त्यानंतर दोन्हीकडच्या बिया हलल्या.

मुलांनाही विचारा. तिसरीच्या पुढची मुलं बिया छान वाटतात. सोबतीवर ती मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त बिया ठेवतात, असं मला दरवेळी दिसलं आहे.

एएचपी आणि इतर नावं

मार्गदर्शक ‘एएचपी (अॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) वापरा’ म्हणतील. ही थॉमस साटी यांची पद्धत, १९७० च्या दशकात घडलेली, १९८० मध्ये त्यांच्या पुस्तकातून सर्वदूर गेली. तीत निकषांच्या जोड्या लावून १ ते ९ च्या मापावर तुलना करतात: वाट सोबतीच्या किती पट? सोबत डिझेलच्या किती पट? वाट सोबतीच्या ३ पट आणि सोबत डिझेलच्या २ पट, तर वाट डिझेलच्या ६ पट यायला हवी. मग वजनं ६, २, १ या प्रमाणात पडतात, म्हणजे ६७, २२ आणि ११ टक्के. कोणी शेवटच्या जोडीला २ म्हणालं तर उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. ही विसंगती मोजायचं गुणोत्तर आहे आणि ते ०.१० च्या आत असावं असा रिवाज आहे. ही तपासणी एएचपीची मोठी सोय आहे. पण जोड्या भराभर वाढतात. चार निकषांना ६, नऊ निकषांना ३६. मी पहिल्या अभ्यासात नऊ निकष घेतले आणि बाजारातून दमून आलेल्या बायकांपुढे संध्याकाळी छत्तीस प्रश्न ठेवले. विसाव्या प्रश्नानंतर सगळ्या ‘दोन्ही सारखंच’ म्हणू लागल्या. तो माझा दोष होता, त्यांचा नव्हे, आणि ती उत्तरं मी वापरायला नको होती. एएचपी घ्यायचीच असेल, तर प्रत्येक जोडी विचारताना दोन्ही फरक तोंडाने सांगा: ‘पंचेचाळीसची दहा मिनिटं होणं’ विरुद्ध ‘तिनाची पंधरा मुलं होणं’. नुसती नावं घेऊ नका.

टॉप्सिस ही १९८१ ची हवांग आणि यून यांची पद्धत. ती आदर्श पर्यायापासूनचं अंतर मोजते. इलेक्ट्र ही फ्रान्समधल्या बर्नार रॉय यांची, १९६० च्या दशकातली. तीत एखादा निकष फारच वाईट असेल तर तो पर्यायाला नकार देऊ शकतो, आपल्या पऱ्यासारखा. पहिल्या अभ्यासाला या दोन्हींची गरज नाही. आणखी एक सावधगिरी: शेवटी एखादा नवा पर्याय यादीत घातला, तर जुन्यांचा क्रमही उलटू शकतो. बेल्टन आणि गिअर यांनी एएचपीबाबत हे १९८३ मध्ये दाखवलं. आपल्या ० ते १०० च्या पद्धतीतही टोकं बदलली की बिया पुन्हा वाटाव्या लागतात, जुन्या बिया नव्या टोकांना चालत नाहीत.

कागद परत वाडीत न्या

अहवाल विद्यापीठाला देण्याआधी शाळेच्या पडवीत वाचून दाखवा. दोन पानांत: प्रश्न, तीन पर्याय, अटी, मोजलेला तक्ता, प्रत्येक गटाच्या बिया वेगवेगळ्या, निकाल कुठे उलटतो ते आकडे, आणि बंद घरांचा तो परिच्छेद. मुलाखतींचे महिने लिहा. वाचताना कोणीतरी म्हणेल, ‘गाडी चोवीस किलोमीटर नाही, पऱ्यावरचा रस्ता तुटला की पस्तीस फिरते.’ तिथेच आकडा बदला, लोकांसमोर. डिझेल ४०० वरून ५८३ होतं, वाटेची मिनिटंही वाढतात, टोकं बदलतात, आणि पेटीतून वीस बिया पुन्हा बाहेर काढाव्या लागतात. त्यासाठी दोन तास हाताशी ठेवून जा, आणि शक्यतो दिवस ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यातला धरा.